रंगाऱ्याच्या दिव्याचं कूळ

तळ्याच्या मधोमध एक खांब, खांबाला पोलादी तार, आणि तारेच्या टोकाला मीटरभर लांबीची नौका. तिच्या पोटात पेट्रोलचा जाळ घोंघावतो आहे आणि लालबुंद नळीतून पाण्याची वाफ होते आहे. सोडणाऱ्यानं हात काढला की काही क्षणांत ती खांबाभोवती अशी सुटते की नजर ठरत नाही. वाफेच्या अशा नौकांनी ताशी 100 मैलांचा, म्हणजे 160 किलोमीटरचा टप्पा ओलांडलेला आहे. वाफ म्हटलं की आपल्याला माथेरानची झुकझुक गाडी आठवते. तीच वाफ एका बुटक्या नौकेला हमरस्त्यावरच्या मोटारीपेक्षा जोरात पळवते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थापच वाटली होती.

या प्रकाराला फ्लॅश स्टीम म्हणतात. इंग्लंडातल्या हौशी यंत्रकारांनी तो वाढवला, एवढं सगळीकडे लिहिलेलं असतं. पर्सिव्हल मार्शलनं 1898 साली ‘मॉडेल इंजिनिअर’ मासिक काढलं, लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात 1904 साली वाफेच्या छोट्या नौकांचा क्लब निघाला, 1924 साली अशा क्लबांची संघटना झाली. पुढे पेट्रोलवरची इंजिनं आली आणि बहुतेकांनी वाफ सोडली. काही हट्टी लोक मात्र वाफेलाच चिकटून राहिले. त्यांच्यातल्या बेन्सन आणि रेमन या जोडीनं या विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. हा झाला सरळ इतिहास, आणि मला त्यात फारसा रस नाही. मला रस आहे तो नौकेच्या पोटातल्या जाळात.

आधी बॉयलर पाहू. साध्या बॉयलरमध्ये पाण्याचा साठा असतो. तो तापायला वेळ लागतो, त्याचं वजन वाहावं लागतं, आणि फुटला तर सगळं पाणी एकदम उसळतं. फ्लॅश बॉयलरमध्ये साठाच नसतो. पोलादी नळीची वेटोळी, त्यांच्यात घुसणारी ज्योत आणि एका टोकाला बारकासा पंप, एवढंच त्याचं भांडवल. दट्ट्याच्या एका फेरीला जेवढं पाणी ढकललं जाईल तेवढंच आत जातं. तापलेल्या नळीला लागताच त्याची वाफ होते आणि पुढच्या वेटोळ्यांत ती वाफ आणखी तापत जाते. नळी कुठं फाटलीच, तर बाहेर पडणारं पाणी मूठभरही नसतं.

ऐकायला सोपं, चालवायला महाकठीण. ज्योत जळते एकाच मापानं, पंप मात्र इंजिनाला जोडलेला. इंजिन धावलं की पाणी वाढतं, पाणी वाढलं की नळी निवते, वाफ ओली होते आणि पाण्याचा गोळा सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्याला ठोसा देतो. पाणी कमी पडलं तर उलटी तऱ्हा: वाफ इतकी तापते की वंगणाचं तेल जळून जातं, दट्ट्या अडकतो, कधी नळीच जळते. या दोन टोकांच्या मधली जागा फार अरुंद असते. ती सापडेपर्यंत लोकांची उमेदीची वर्षं गेली आहेत.

आता हा बॉयलर आला कुठून? पुस्तकी उत्तर ठरलेलं आहे: लेऑं सर्पोले. फ्रान्समधल्या क्युलोझचा, जन्म 1858. त्यानं 1881 च्या सुमाराला ही कल्पना काढली. जाड नळी चेपून आत केवळ एक फट ठेवायची, म्हणजे पाण्याचा पातळ पापुद्राच धातूला लागेल आणि क्षणात वाफ होईल. त्याच्याही आधी, 1820 च्या दशकात, जेकब पर्किन्सनं तापलेल्या लोखंडात पाणी कोंडून जबर दाबाची वाफ काढली होती. पण त्याची धाव वाफेच्या बंदुकीपर्यंत. गाडीला जुंपण्याजोगा बॉयलर सर्पोलेचाच. 13 एप्रिल 1902 रोजी नीसच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर त्यानं आपली गाडी ताशी 120.8 किलोमीटरनं पळवली. तिच्या आकारावरून तिला ‘ईस्टरचं अंडं’ म्हणत. जमिनीवरच्या वेगाचा तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. असा पुरावा समोर असताना वाद कशाला, असं कुणीही म्हणेल.

वाद आहे. सर्पोलेच्या सुरुवातीच्या गाड्या कोकवर चालत. 1890 साली अर्नेस्ट आर्शदेकाँला बरोबर घेऊन तो पॅरिसहून लिऑंला निघाला, आणि गाडी वाटेत मोडत आणि दुरुस्त होत गेली. कोकची शेगडी पंपाच्या तालावर कमीजास्त होत नाही. ती आपल्या गतीनं धुमसते आणि आपल्या गतीनं विझते. सर्पोलेचा बॉयलर खऱ्या अर्थानं लायकीला आला तो फ्रँक गार्डनर या अमेरिकन भांडवलदाराशी भागीदारी झाल्यावर. त्या गाड्यांत रॉकेलचे बर्नर बसले आणि रॉकेलचा पंप पाण्याच्या पंपाशी असा जोडला गेला की दोघांचं प्रमाण कायम राहावं. विक्रम त्यानंतरचा. म्हणजे झटक्यात वाफ करायची तर आगही झटक्यात ऐकणारी हवी. बॉयलर 1881 पासून तयार होता; अडलं होतं ते आगीपाशी.

ती आग दुसरीकडे, स्वीडनमध्ये, तयार होत होती. कार्ल रिचर्ड नीबर्ग हा अर्बूगा गावचा धातुकामगार. त्याचाही जन्म 1858 चा, सर्पोलेच्या आधी चार-साडेचार महिने. 1882 साली त्यानं ब्लोलॅम्प बनवला: जुना रंग जाळून खरवडणाऱ्या रंगाऱ्याच्या आणि नळजोडणी करणाऱ्याच्या हातातला तो पितळी दिवा. मॅक्स सीव्हर्टनं तो जगभर विकला. मी नीबर्गपाशी पोचलो तो स्टोव्हची माहिती शोधताना. नौका माझ्या डोक्यातही नव्हत्या. ब्लोलॅम्पचा छेद काढलेली आकृती पाहिली आणि मी थबकलो.

ब्लोलॅम्पच्या टाकीत दाबाखाली पेट्रोल असतं. ते एका नळीतून वर चढतं, आणि ती नळी त्याच दिव्याच्या ज्योतीनं तापलेली असते. आत शिरलेलं इंधन तिथंच वायुरूप होतं, सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून जोरात बाहेर पडतं, जाता जाता हवा ओढून घेतं आणि निळं जळतं. टाकीत साठा थंड, वाफ फक्त नळीत, आणि तीही लागेल तेवढीच. हा फ्लॅश बॉयलर नाही तर काय आहे? पाण्याऐवजी पेट्रोल, एवढाच फरक. नौकेच्या पोटातला जाळही अशाच दिव्याचा असतो. म्हणजे त्या नौकेत दोन फ्लॅश बॉयलर एकामागोमाग बसलेले असतात. पहिला इंधनाची वाफ करतो, त्या वाफेचा जाळ दुसऱ्यात पाण्याची वाफ करतो. इतिहासकार दुसऱ्याचं कूळ सांगतात आणि पहिल्याला ‘बर्नर’ म्हणून एका शब्दात उडवून लावतात.

यावर एक सबळ आक्षेप येतो, तोही मांडतो. पेट्रोलचा बर्नर आणि नळीची वेटोळी यांची जोडी नीबर्गशिवायही जमली होती. अमेरिकेत सॅम्युअल लँगलीनं 6 मे 1896 रोजी पोटोमॅक नदीवर, एका घरनौकेच्या छपरावरून, माणूस नसलेलं वाफेचं विमान उडवलं आणि ते सुमारे 1 किलोमीटर गेलं. त्यात वेटोळ्यांचा बॉयलर होता आणि पेट्रोलचा बर्नरही. इंग्लंडात हायरम मॅक्झिमच्या 1894 च्या अजस्र उडत्या यंत्रातही हजारो छिद्रांतून नॅफ्था जळत होता. मग नौकांचे पूर्वज हेच का मानू नयेत?

माझं उत्तर दोन भागांत आहे. लँगलीचा बॉयलर पाणी फिरवत ठेवायचा आणि वाफ वेगळी काढायचा; पाणी एका टोकानं आत आणि सगळं वाफ होऊन दुसऱ्या टोकानं बाहेर, असा तो नव्हता. दुसरा मुद्दा जास्त वजनदार वाटतो. लँगलीच्या पाठीशी स्मिथसोनियन संस्था होती आणि मॅक्झिमपाशी मशीनगनचा पैसा. रविवारी तळ्यावर येणाऱ्या लंडनच्या फिटरच्या पाठीशी होतं ते कोपऱ्यावरचं लोखंडी सामानाचं दुकान. त्या दुकानात फळीवर ब्लोलॅम्प मिळत होता. पहिल्या माणसानं वेटोळं वळलं आणि खाली रंगाऱ्याचा दिवा आडवा ठेवला, असंच घडलं असणार. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, कारण त्याला यात शोध लावल्यासारखं काही वाटलंच नसेल.

आणि खुद्द नीबर्गनं काय केलं? इथं माझ्या सिद्धान्ताला अनपेक्षित साक्षीदार मिळतो. दिव्यांच्या पैशावर तो 1897 च्या सुमारास विमान बांधायला लागला. नाव ‘फ्लूगान’, म्हणजे माशी. पंखांचा पसारा 5 मीटर, एकूण वजन 80 किलो. इंजिन वाफेचं, 18 किलो वजनाचं, 10 अश्वशक्तीचं, मिनिटाला 2,000 फेरे घेणारं. आणि बॉयलरखाली त्याचेच चार ब्लोलॅम्प! स्टॉकहोमजवळच्या लिडिंगो बेटावर त्यानं ते गोल लाकडी मार्गावर फिरवून पाहिलं, हिवाळ्यात बर्फावर पळवलं. माशी काही उडाली नाही, आणि गावानं त्याचं नाव ‘उडता नीबर्ग’ ठेवलं. पण ब्लोलॅम्पवरची हलकी वाफ आणि गोल फेऱ्या या दोन्ही गोष्टी तळ्यावरच्या नौकांत जशाच्या तशा दिसतात. इंग्रज हौशींना लिडिंगोची बातमी होती असा माझा दावा नाही. सारख्या दिव्यानं दोन्हीकडे सारखंच काम करवून घेतलं, एवढंच म्हणतो.

त्या गोल फेऱ्यांचाही बॉयलरशी संबंध आहे, आणि तो कुणी फारसा सांगत नाही. एक फेरी 100 यार्डांची, म्हणजे तार सुमारे साडेचौदा मीटरची. ताशी 100 मैलांना एक फेरी दोन सेकंदांत संपते. त्या वेळी नौकेवर बाहेरच्या बाजूला पडणारा ओढा गुरुत्वाकर्षणाच्या 14 पट भरतो. पाच किलोची नौका तारेला सत्तर किलोंचा हिसका देत असते. अशा नौकेत साधा बॉयलर ठेवला तर आतलं सगळं पाणी बाहेरच्या भिंतीला जाऊन उभं राहील, उरलेली भिंत कोरडी पडून जळेल. बारीक नळीत पंपानं ढकललेल्या पाण्याला पसरायला जागाच नसते. म्हणून तारेवरच्या वेगाच्या शर्यतीत वाफ टिकली ती फ्लॅश स्टीमच्याच रूपात. इंधनाच्या आणि पाण्याच्या टाक्यांतूनही उचलनळी तळाला न ठेवता बाहेरच्या भिंतीशी ठेवावी लागते.

नीबर्गच्या दिव्याची दुसरी शाखा आपल्या घरांत शिरली. 1892 साली स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टनं ब्लोलॅम्पची रचना घेतली, आडवी ज्योत वर वळवली, आणि प्रायमस स्टोव्ह जन्माला आला. नीबर्गनंही ‘व्हिक्टोरिया’ नावाचा स्टोव्ह काढला, पण नाव झालं प्रायमसचं. मुंबईच्या चाळींत आणि पुण्याच्या वाड्यांत कित्येक वर्षं पहाटेचा चहा या घरघरीवर झाला. वाटीत स्पिरिट ओतून आधी बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, छिद्रात कचरा अडकला की पिन मारायची. घाई करून थंड बर्नरवर पंप मारला की पिवळा भडका उठे, कारण रॉकेल वायू न होता पातळच वर येई. तळ्यावरच्या फिटरला सिलिंडरमध्ये पाण्याचा ठोसा बसतो तो याच चुकीमुळे: नळी तापायच्या आत पंप. आपल्याकडच्या पिढ्यान् पिढ्यांच्या बायका फ्लॅश बॉयलर चालवण्यात तरबेज होत्या. भडक्यानं जीव गेल्याच्या बातम्याही त्याच काळातल्या, आणि त्या सगळ्याच अपघाताच्या नव्हत्या, हेही इथं लिहायला हवं.

सर्पोलेचा पक्ष मी पुरता मोडीत काढलेला नाही, याची मला कल्पना आहे. 25 ऑगस्ट 2009 रोजी कॅलिफोर्नियात एका ब्रिटिश चमूनं वाफेच्या मोटारीचा 1906 पासूनचा विक्रम मोडला: सरासरी ताशी 139.843 मैल. त्या गाडीत 12 बॉयलर होते, जवळजवळ 3 किलोमीटर नळी होती, आणि जाळ होता द्रवरूप गॅसचा. सर्पोलेवाले ही गाडी आपली म्हणतील. म्हणोत. नौकांवरचा दिव्याचा हक्क मात्र मी सोडणार नाही.

कुणाच्या माळ्यावर पितळी स्टोव्ह पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याचा बर्नर काढून पाहा. रॉकेल एका नळीनं वर चढून, तापलेल्या डोक्यातून वळसा घेऊन, पुन्हा खाली छिद्रापाशी येतं, त्या मार्गाचा बोटानं मागोवा घेता येतो. पेटवायच्या भानगडीत मात्र पडू नका. इतक्या वर्षांत पंपाचं चामडी वायसर सुकलेलं असतं आणि टाकीच्या सांध्यांचा भरवसा नसतो.