मापाबाहेरचा कोट : झूट सूट आणि १९४३ चं लॉस एंजेलिस



आजचा विषय कपड्यांचा आहे, आणि त्यातही ढगळ कपड्यांचा. ढगळ कपडा आपल्याला काही नवा नाही. ‘वाढत्या अंगाचं शिवा’ असं शिंप्याला सांगणाऱ्या पिढ्या इथे समोर बसल्या आहेत. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगात घालायचा आणि बाह्या दुमडायच्या, हेही आपण पाहिलं आहे. अशा सदऱ्यातलं मूल दिसलं की बघणाऱ्याच्या मनात काय येतं? गरिबी, काटकसर, फार तर कीव. राग येत नाही. पण समजा, तशाच घरातला मुलगा शिंप्याकडे गेला, पदरचे पैसे मोजले आणि मुद्दाम मापाबाहेरचा कोट शिवून घेतला, तर? मग बघणाऱ्याची नजर बदलते. १९४३ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात ही बदललेली नजर रस्त्यावर उतरली आणि मुलांच्या अंगावरचे कोट भर रस्त्यात उतरवले गेले. त्या पोशाखाचं नाव झूट सूट.

हा पोशाख होता कसा, ते आधी बघू. कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्या शिवणीत आहे. कोटाचे खांदे आत भरण घालून रुंद केलेले. कोटाची लांबी मांडीपर्यंत, काही वेळा थेट गुडघ्यापर्यंत. कमरेत मात्र कोट आवळलेला. विजार बेंबीच्याही वर चढवलेली, चुण्या घालून मांडीशी आणि गुडघ्याशी फुगवलेली, आणि खाली मोहरी एकदम अरुंद. डोक्यावर रुंद काठाची हॅट आणि कमरेपासून खाली लोंबणारी लांब साखळी.

याची नेमकी मापं माल्कम एक्स यांच्या आत्मचरित्रात सापडतात. हे पुस्तक १९६५ साली आलं. किशोरवयात बोस्टनमध्ये त्यांनी आपला पहिला झूट सूट घेतला, तोही उधारीवर. रंग आकाशी. विजार गुडघ्यापाशी ३० इंच आणि खाली मोहरीला १२ इंच. ते कपडे घालून त्यांनी लगेच फोटो काढून घेतले. गुडघे जवळ आणि पावलं फाकवून उभं राहिलं की हा पोशाख जास्त उठून दिसतो, असं ते सांगतात. आणि त्या विजारीला त्यांनी शब्द वापरला आहे ‘पंजाब पँट’. वर भरपूर घेर आणि घोट्याशी घट्ट, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर सलवारच उभी राहते.

आता शिंप्याच्या दृष्टीने बघा. कापड भरपूर आहे, पण ते कुठेही वाऱ्यावर सोडलेलं नाही. तीन ठिकाणी त्याला पकड आहे : खांदा, कंबर आणि मोहरी. मोठ्या भावाच्या कोटात खांद्याची शिवण दंडावर उतरते, म्हणून तो कोट उसना दिसतो. झूट सूटमध्ये खांदा भरून बांधलेला असतो आणि बाकीचं कापड त्यावरून ओघळतं. विजार उंच चढवली की पाय लांब दिसतात. खांदे रुंद केले की कंबर बारीक दिसते. मोहरी अरुंद असली की वरचा घेर चुकून झालेला नाही, ठरवून ठेवलेला आहे, हे लांबूनही कळतं. पोशाख ढगळ असूनही नेटका दिसतो तो या तीन पकडींमुळे. नाचाच्या दृष्टीनेही हे सोयीचं होतं. लिंडी हॉपसारख्या नाचात गुडघा मोकळा लागतो आणि पायात कापड अडकून चालत नाही.

ही युक्ती पहिल्यांदा गरिबांनी वापरली असंही नाही. लंडनमध्ये फ्रेडरिक शोल्टे नावाचा शिंपी होता. गार्ड्स पलटणीतल्या अधिकाऱ्यांचे लांब कोट पाहून त्याने एक कट बसवला. छातीवर आणि पाठीवर जादा कापड, कमरेत आवळ. याला ‘लंडन ड्रेप’ म्हणत. त्याचं सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा ड्यूक ऑफ विंडसर. १९२५ च्या सुमाराला ऑक्सफर्डचे विद्यार्थी ‘ऑक्सफर्ड बॅग्ज’ नावाच्या अफाट घेराच्या विजारी घालू लागले. लोक हसले, व्यंगचित्रं निघाली आणि विषय संपला. राजपुत्राच्या अंगावर जादा कापड आलं की ती अभिरुची, आणि विद्यार्थ्याच्या अंगावर आलं की तारुण्यातली गंमत.

१९३० च्या दशकात हार्लेममधल्या आणि इतर शहरांतल्या जॅझच्या नाचघरांत कृष्णवर्णीय तरुणांनी हाच ड्रेप टोकाला नेला. पहिला झूट सूट आपणच शिवला, असा दावा पुढे वेगवेगळ्या शहरांतल्या शिंप्यांनी केला. १९४३ च्या ‘स्टॉर्मी वेदर’ या चित्रपटात गायक कॅब कॅलोवे अशाच पोशाखात नाचताना दिसतो. तोवर ही फॅशन लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांत पोहोचली होती. तिथली मुलं अमेरिकेत वाढलेली. आईबाप शेतांवर, रेल्वेवर, कारखान्यांत राबणारे. शहरातल्या काही पोहण्याच्या तलावांवर या मुलांना आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच प्रवेश असे. ही मुलं स्वतःला ‘पाचुको’ म्हणवू लागली. मुलीही मागे नव्हत्या, त्याही लांब कोट घालत.

आणि मग युद्ध आलं. १९४२ साली अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळाने लोकर वाचवण्यासाठी कपड्यांवर निर्बंध घातले. विजारीच्या दुमडी बंद, बाहेरून लावलेले खिसे बंद, दुहेरी बटणांच्या सूटबरोबर वेस्टकोट बंद, कोटाच्या लांबीवर मर्यादा. झूट सूट या नियमांत बसणं शक्यच नव्हतं. चोरून शिवणारे शिंपी मात्र होते. म्हणजे जो कोट कालपर्यंत भडक होता, तो आता देशद्रोही ठरला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. कापडाची टंचाई खोटी नव्हती. आघाडीवर निघालेल्या जवानाला हा कोट खुपला असेल, तर ते समजण्यासारखं आहे. पण राग फक्त कापडाचा होता का?

ऑगस्ट १९४२ मध्ये स्लीपी लगून नावाच्या पाणवठ्याजवळ होसे दियास हा तरुण मरणासन्न अवस्थेत सापडला. पोलिसांनी मेक्सिकन वस्त्यांत धाडी घालून शेकडो तरुणांना पकडलं. २२ जणांवर खटला चालला. खटल्याच्या सुरुवातीच्या काळात आरोपींना केस कापू देऊ नयेत, कपडे बदलू देऊ नयेत, असा सरकारी पक्षाचा आग्रह होता. का? ज्युरीला ते ‘तसे’ दिसावेत म्हणून. शेरीफच्या कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याने तर हिंसा या लोकांच्या रक्तातच आहे, असा अहवाल ग्रँड ज्युरीपुढे ठेवला. जानेवारी १९४३ मध्ये १७ जण दोषी ठरले. ऑक्टोबर १९४४ मध्ये अपील न्यायालयाने या सगळ्यांची शिक्षा रद्द केली. पण मधल्या काळात वर्तमानपत्रांनी झूट सूट आणि गुंड हे दोन शब्द एकाच अर्थाचे करून टाकले होते.

३ जून १९४३ च्या रात्री सुमारे ५० नौसैनिक हातात मिळेल ते घेऊन शहरात उतरले. पुढच्या रात्री टॅक्सी भाड्याने घेऊन जवान मेक्सिकन वस्त्यांत फिरू लागले. ७ जूनला गर्दी हजारोंवर गेली. जमाव चित्रपटगृहांत घुसले, दिवे लावायला लावले आणि मुलांना खुर्च्यांवरून ओढून बाहेर काढलं. मारहाण झाली, आणि तिच्याबरोबर एक ठरलेली कृती : कपडे उतरवायचे, फाडायचे, जाळायचे. पोलीस मागून येत आणि बहुतेक वेळा मार खाल्लेल्या मुलांनाच अटक करत. लष्कर आणि नौदलाने जवानांना शहरात जायला बंदी केली, तेव्हा हे थांबलं. कोणी मेलं नाही.

मार खाणाऱ्यांत झूट सूट न घातलेली मेक्सिकन, कृष्णवर्णीय आणि फिलिपिनो मुलंही होती. कापडाचाच राग असता, तर साध्या सदऱ्यातला मुलगा का वाचला नाही? राज्यपाल अर्ल वॉरन यांनी नेमलेल्या समितीनेही वंशद्वेष हे दंगलीचं एक महत्त्वाचं कारण मानलं. एलिनॉर रूझवेल्ट यांनी आपल्या स्तंभात साधारण हेच लिहिलं, तर तिथल्या वर्तमानपत्राने त्यांच्यावरच झोड उठवली. शहराच्या परिषदेत मात्र झूट सूट घालणं हाच गुन्हा ठरवावा, असा ठराव पुढे आला. प्रत्यक्ष कायदा कधी झाला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. वंशद्वेष आधीपासून होता. पण गरिबाने बेतलेल्या कपड्यात, मान वर करून उभं राहावं, ही गोष्ट त्या कोटाने डोळ्यांत भरेल अशी केली. थोरल्याचा ढगळ सदरा घालून ही मुलं रस्त्याच्या कडेने गेली असती, तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. तो खांदा, ती कंबर, ती मोहरी सांगत होती की हे उसनं नाही, हे मी निवडलं आहे. म्हणून नुसतं मारून भागलं नाही, कपडे उतरवावे लागले.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १९७८ साली लुईस वाल्डेझ यांचं ‘झूट सूट’ हे नाटक लॉस एंजेलिसमध्येच रंगमंचावर आलं, आणि १९८१ साली त्यावर चित्रपट निघाला. डिसेंबर १९८३ मध्ये त्याच शहरात, हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरमध्ये, डेव्हिड बर्न हा गायक आपल्या देहाच्या कितीतरी पट मोठा सूट घालून गायला. ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ या चित्रपटात ते दृश्य आहे. त्यातही खांद्याला भरण आहे आणि आतून आधार आहे. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आणि ज्या शहरात हे कोट फाडले गेले, तिथल्याच काउंटी कला संग्रहालयाने पुढे एक जुना झूट सूट मिळवून आपल्या संग्रहात ठेवला.

आज ढगळ कपडा पुन्हा दुकानात टांगलेला आहे. घेताना खांद्याची शिवण बघा, कंबर बघा, मोहरी बघा. तिथे पकड असली की बाकीचं कापड शोभतं. शिंप्याचा हा सल्ला आजही खरा आहे. फक्त असा कपडा घातलेला एखादा मुलगा रस्त्यात दिसला आणि आपल्या कपाळावर आठी आली, तर ती नेमकी कापडासाठी आहे की ते कापड ज्याच्या अंगावर आहे त्याच्यासाठी, हे एकदा स्वतःला विचारून बघा.

इथेच थांबतो.