चंद्रपूरचा कूलर आणि मुंबईचा सर्व्हर

परवा ऑफिसात चहा पिताना एका मित्राने विचारलं, "तुमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात एखादी थंडगार गुहा बघून डेटा सेंटर का काढत नाही कोणी? युरोपात काढतात ना!" तो पुण्याचा, म्हणून माफ केलं :) पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

आधी युरोपचं बघू. स्टॉकहोममध्ये ग्रॅनाइटच्या टेकडीखाली शीतयुद्धातला एक बंकर होता. २००८ मध्ये बानहोफ कंपनीने तिथे सर्व्हर मांडले. फिनलंडमधल्या हामिनाला गूगलने २००९ मध्ये बंद पडलेली कागद गिरणी घेतली. गिरणीच्या जुन्या बोगद्यातून येणारं समुद्राचं पाणी २०११ पासून तिथले सर्व्हर गार ठेवतंय.

आता आपल्या गुहा. भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत. मे महिन्यात आत शिरलं की जीवात जीव येतो. पण जमिनीच्या पोटातलं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ असतं, म्हणजे चंद्रपूरला साधारण २७-२८ अंश. बाहेर ४६ असताना ते स्वर्ग वाटतं, एवढंच! शिवाय सर्व्हर रात्रंदिवस तापणार, आणि खडक ती उष्णता फार काळ शोषू शकत नाही. हामिनाला खरं काम समुद्राचं गार पाणी करतं. बंद खाण वापरू म्हणाल, तर वरोऱ्याची खाण १९०६ मध्येच बंद झाली. पण खाण कोळशाची. तिथे वायू आणि आगीची भीती. म्हणजे तोही मार्ग बंद.

मग चंद्रपूरकर इतकी वर्षं काय करत आले? मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, दाराला वाळ्याच्या ओल्या ताट्या. पुढे ताट्यांमागे पंखा आला आणि त्याचा कूलर झाला. २ जून २००७ ला चंद्रपूरला ४९ अंशांची नोंद झाली. मी तेव्हा शाळेत होतो. बादलीने कूलरची टाकी भरायची ड्यूटी माझी होती, त्यामुळे तो उन्हाळा चांगला लक्षात आहे.

गंमत पुढे आहे. अ‍ॅश्रे ही अमेरिकेतली वातानुकूलन अभियंत्यांची संस्था. तिने २००४ मध्ये सर्व्हरसाठी २० ते २५ अंशांची शिफारस केली होती. २००८ मध्ये तीच मर्यादा १८ ते २७ केली. आता हिशोब करा. बाहेर ४६ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगला कूलर हवा २८ च्या आसपास आणतो. म्हणजे भर मे महिन्यात आमच्या घरचा कूलर शिफारशीच्या अगदी दारात उभा! मुंबईच्या दमट हवेत हे जमायचं नाही. पावसाळ्यात आमच्याकडेही कूलर नुसता चिकचिकाट करतो.

फेसबुकने २०११ मध्ये अमेरिकेतल्या प्राइनव्हिल या कोरड्या गावी डेटा सेंटर सुरू केलं, ते याच तत्त्वावर. बाहेरची हवा आत घ्यायची, पाण्याने गार करायची आणि सर्व्हरवर सोडायची. थोडक्यात, आपला कूलरच.

मी हे उत्साहाने बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "कूलर ठीक आहे रे, पण मे महिन्यात त्याची टाकी कोण भरणार?"

मी गप्प. मग कॅल्क्युलेटर काढला. १ मेगावॅट उष्णता बाष्पीभवनाने घालवायला तासाला किमान दीड हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे दिवसाला ३६ हजार लिटर. मोठं डेटा सेंटर असं कित्येक मेगावॅटचं असतं. गोंडकालीन रामाळा तलाव असो की गडचिरोलीपर्यंत पसरलेले मालगुजारी, म्हणजे मामा तलाव, या भागात पाणी साठवण्याची सोय फार जुनी आहे. पण ते पाणी शेतीसाठी, माणसांसाठी आणि गुरांसाठी.

आणि खरं सांगायचं तर ती टाकी आम्ही आधीच भरतोय. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. त्याचे कूलिंग टॉवर म्हणजे अवाढव्य कूलरच. त्यातून वाफ होऊन उडतं ते इरई धरणाचं पाणी, आणि त्याच धरणावर शहराची तहानही भागते. १९९९ पासून चंद्रपूर ते पडघे अशी साधारण ७५० किलोमीटरची, १५०० मेगावॅटची डीसी लाइन राज्याच्या या टोकाची वीज मुंबईच्या दाराशी नेते. नवी मुंबईतल्या एसीत गारठलेल्या सर्व्हरपर्यंत राज्याच्या ग्रिडमधून त्यातली थोडी तरी पोचत असणारच.

तेव्हा मित्रा, चंद्रपूरच्या गारव्यावर सर्व्हर कधीपासूनच चालतोय. फक्त तो मुंबईत आहे, आणि उकाडा आमच्याकडे ठेवलाय.

असो. या शनिवारी घरी जातोय. कूलरच्या ताट्या बदलायच्या आहेत.