तार जमली की कळतं

यंदा दिवाळीच्या आधी आमच्याकडे रव्याच्या लाडवांचा घाट घातला होता. काकू (वय वर्षं एक्याऐंशी, कंबर सोडली तर ठणठणीत) पाकाच्या पातेल्यापाशी उभी आणि शेजारी माझी पुतणी मोबाईलवर कृती लिहून घेत होती.

"आजी, नक्की किती मिनिटं?"
"एकतारी होईपर्यंत."
"एकतारी झाला हे कसं कळणार?"
"तार आली की."
"पण आत्ता बघायचं की थोड्या वेळाने, हे कसं ठरवायचं?"
काकूने झारा खाली ठेवला. "कळतं गं!"

मी हसलो, पण मनातून जरा हललो. हाच संवाद, अगदी याच वैतागासकट, मी सुमारे तीस वर्षांपूर्वी काकूच्या नवऱ्याशी, म्हणजे आमच्या अण्णांशी केला होता. तेव्हा मोबाईल नव्हता, माझ्या हातात वही होती. आणि मला लाडू करायचे नव्हते, कॉम्प्युटरला अण्णा करायचं होतं!

घरच्यांपैकी अनेकांना ही गोष्ट अर्धीमुर्धीच माहीत आहे, म्हणून आज नीट सांगतो. पण त्यासाठी आधी थोडा इतिहास सांगावा लागेल. कंटाळा करू नका.

आपण नेहमी ज्याला प्रोग्राम म्हणतो तो पाककृतीसारखा असतो. आधी हे, मग ते, मग झाकण ठेवून वाफ आणा. क्रम लिहिणाऱ्याने ठरवलेला. नियमांवर चालणारा प्रोग्राम वेगळा. त्यात "जर असं असेल तर तसं कर" अशा नियमांचा नुसता ढीग असतो, क्रम नसतो. एका बाजूला नियम, दुसऱ्या बाजूला आत्ताची वस्तुस्थिती. यंत्र बघतं, कोणकोणते नियम लागू पडतात, त्यांतला एक निवडतं आणि अमलात आणतं. त्याने वस्तुस्थिती बदलते, की पुन्हा पहिल्यापासून बघायचं. मोठ्या एकत्र कुटुंबासारखं. कामांची यादी कुणी लिहिलेली नसते, पण दूध उतू जाताना दिसलं की जो जवळ असेल तो धावतो.

या कल्पनेला बाळसं धरायला लागलं ते अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात. १९६५ साली तिथे एडवर्ड फायगेनबाम आणि नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डेन्ड्रल हा प्रकल्प सुरू केला. रेणूंचे तुकडे करून मिळालेल्या मोजमापांवरून मूळ रेणूची रचना ओळखायची, हे रसायनशास्त्रज्ञाचं काम यंत्राकडून करून घ्यायचं होतं. पुढे सत्तरच्या दशकात तिथेच एडवर्ड शॉर्टलिफ यांनी मायसिन केला. रक्तातल्या जंतुसंसर्गावर आणि मेंदूज्वरावर कोणतं औषध किती द्यायचं, हे सांगणारा. त्यात काहीशे नियम होते. १९७९ साली त्याची परीक्षा छापून आली. मेंदूज्वराच्या दहा रुग्णांसाठी मायसिनने आणि स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी सुचवलेले उपचार बाहेरच्या आठ तज्ज्ञांपुढे ठेवले. कुठला कुणाचा हे त्यांना सांगितलं नव्हतं. मायसिनला ६५ टक्के मिळाले, आणि प्राध्यापकांतल्या सगळ्यात चांगल्याला ६२.५! तरी प्रत्यक्ष रुग्णांवर मायसिन कधीच वापरला गेला नाही. चुकला तर जबाबदार कोण, आणि घाईच्या वॉर्डात त्याच्या प्रश्नांची उत्तरं टाईप करत कोण बसणार, हे प्रश्न राहिलेच.

धंद्यात मात्र जमलं. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट या कंपनीसाठी एक प्रोग्राम हाती घेतला. पुढे तो एक्सकॉन नावाने गाजला. गिऱ्हाइकाने मागवलेल्या व्हॅक्स कॉम्प्युटरला कोणकोणते सुटे भाग, किती केबली लागतील हे तो ठरवी. सुरुवातीला काहीशे नियम होते, ते पुढे दहा हजारांच्या वर गेले. त्याच विद्यापीठात चार्ल्स फोर्जी यांनी 'रेटे' नावाची युक्ती काढली. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जाळं. दर खेपेला सगळे नियम सगळ्या वस्तुस्थितीशी ताडून न बघता, जे बदललं तेवढंच जाळ्यातून पुढे सरकवायचं. हजारो नियम चालवणं परवडलं ते यामुळे.

आपल्याकडेही हे वारं आलं. १९८६ च्या सुमारास भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने या विषयाचा मोठा प्रकल्प सुरू केला. त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती आणि जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीही होतं. जुहूच्या मंडळींनी असे प्रोग्राम लिहिण्यासाठी एक साधन बनवलं, त्याचं नाव 'विद्वान'. काय समर्पक नाव आहे बघा!

आणि तिकडे ह्यूस्टनला, नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये, १९८५ साली क्लिप्स जन्माला आलं. तोवरची साधनं लिस्प भाषेत, महागड्या खास यंत्रांवर चालणारी. नासाच्या लोकांनी दोनेक महिन्यांत सी भाषेत स्वतःचं साधन रचलं, जे साध्या कॉम्प्युटरवरही चालेल. पुढच्या वर्षी ते नासाबाहेर पडलं. पुढे नासाचं पाठबळ थांबल्यावरही मूळ कर्त्यांपैकी गॅरी रायली यांनी ते सांभाळलं, आणि आजही ते फुकट मिळतं.

तर हे क्लिप्स १९९७ साली एका मित्राने फ्लॉपीवरून माझ्या हातात ठेवलं. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टला विषय हवा होता. आणि माझ्या घरात होते अण्णा, सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात तीस गळीत हंगाम काढलेले पॅनमन.

ज्यांनी कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस आटवून झाला की शेवटी तो पॅनमध्ये, म्हणजे घरापेक्षा उंच अशा बंद भांड्यात, हवेचा दाब कमी करून उकळतात. साखरेचा दाणा धरतो तो इथे. पाक पातळ राहिला तर दाणा विरघळतो. फार घट्ट झाला तर नको तो बारीक दाणा उगवतो आणि सगळा माल बिघडतो. पॅनमन मधूनमधून सळीने थोडा माल बाहेर काढतो, काचेवर पसरून उजेडात धरतो, आणि अंगठा-बोटाच्या चिमटीत तार बघतो. हो, काकूसारखीच. फक्त पातेलं काही टनांचं.

मी वही घेऊन बसलो. "अण्णा, रस कधी वाढवायचा, वाफ कधी कमी करायची, मला नियम सांगा."
"तार आखूड झाली की रस कमी करायचा."
लिहिलं. "पुढे?"
"पुढे काय? ते हाताला कळतं बघ."

तीन रविवार हेच. हाती लागले मोजून चौदा नियम. उरलेले मी पुस्तकांतून काढले आणि चाळीस करून क्लिप्समध्ये घातले. चालवलं, तर पडदा थांबेचना. 'तार आखूड, रस कमी कर' हा एकच नियम पुन्हा पुन्हा चालत होता. रसाचा आकडा शून्याखाली गेला, उणे शंभर, उणे चारशे... पॅनमधून रस उलटा उसात जायला लागला म्हणा ना! दोन आठवडे मी नियमांना प्राधान्याचे आकडे देत बसलो, हा आधी, तो नंतर. काही उपयोग झाला नाही. प्रोजेक्ट दाखवायला महिना उरलेला.

शेवटी मित्राच्या ओळखीने मुंबईतल्या एका गृहस्थांचा पत्ता मिळाला. ते कामाच्या ठिकाणी क्लिप्स वापरत. मी त्यांना चाळीसच्या चाळीस नियमांचा छापील गठ्ठा पोस्टाने पाठवला, सोबत एक ओळ: "चालत नाही, कृपया मदत करावी." आज आठवलं की कानकोंडं व्हायला होतं. अनोळखी माणसापुढे आपला सगळा पसारा टाकायचा आणि म्हणायचं, शोधा!

त्यांचं उत्तर आठ दिवसांत आलं, आंतर्देशीय पत्रावर, बारीक अक्षरात. गठ्ठा त्यांनी वाचला नव्हता, आणि तसं सरळ लिहिलं होतं. त्याऐवजी तीन गोष्टी मागितल्या होत्या. सुरुवातीला वस्तुस्थिती काय होती? कोणता नियम चालेल असं तुम्हाला वाटलं? आणि प्रत्यक्षात कोणता चालला? या तीन ओळी लिहून काढा, बहुधा मला पुन्हा पत्र लिहावं लागणार नाही, असं म्हटलं होतं. खाली आणखी एक वाक्य होतं, की हे मलाही एकाने असंच सांगितलं होतं, तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्हीही सांगा.

मी लिहायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीला गडबड दिसली. क्लिप्समध्ये एका वस्तुस्थितीवर एक नियम एकदाच चालतो. पण वस्तुस्थितीत दुरुस्ती केली, की जुनी खोडून नवी लिहिली जाते. रेशनकार्डात नाव बदललं की नवं कार्ड मिळावं, आणि नवं कार्ड म्हणून आपण पुन्हा रांगेत उभं राहावं, तसं. माझा नियम रस कमी करायचा, म्हणजे पॅनची नवी नोंद व्हायची. तार आखूडच असायची, कारण ती लगेच कशी लांबणार? आणि नियम पुन्हा रांगेत!

यंत्राची चूक नव्हती. नियमात काहीतरी राहिलं होतं. काय ते मला पत्रात नव्हे, अण्णांकडे विचारायला हवं होतं.

त्या रविवारी वही न उघडता मी म्हटलं, "अण्णा, गेल्या हंगामात पाळीवर तार आखूड झाली असा एखादा दिवस सांगा. तुम्ही काय केलंत?"

आणि अण्णा बोलायला लागले. दोन तास. कोणती पाळी, बॉयलरचा दाब कसा पडला होता, कोण पोरगा मदतीला होता, सगळं. मध्येच म्हणाले, "रस कमी केला आणि तंबाखू मळत बसलो."
"म्हणजे?"
"म्हणजे काय? एकदा हात लावला की तंबाखू मळून होईपर्यंत पुन्हा लावायचा नाही. नवी पोरं तिथंच चुकतात. चाक फिरवतच राहतात."

चाक फिरवतच राहतात! माझा प्रोग्राम म्हणजे ते नवं पोरगं होतं. थांबणं हा नियम अण्णांनी मला सांगितला नव्हता, कारण त्यांच्या लेखी ते काही करणंच नव्हतं.

पुढे वाचनात आलं, की ही अडचण सगळ्यांनाच आली होती. फायगेनबामनी तिला बाटलीचा चिंचोळा गळा म्हटलं. यंत्र आहे, नियम चालवायची युक्ती आहे, पण जाणत्याच्या डोक्यातलं बाहेर येत नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या कॅम्पबेल सूप कंपनीत आल्डो चिमिनो नावाचे चाळीसहून अधिक वर्षं काम केलेले गृहस्थ निवृत्तीला आले, तेव्हा सूपचे डबे निर्जंतुक करणाऱ्या अजस्र यंत्रांचं त्यांचं ज्ञान असंच नियमांत उतरवलं गेलं. दीडशेच्या आसपास नियम झाले. ते वाचताना मला सारखं वाटत होतं, त्यांचा तंबाखू कोणता असेल?

असो. मायसिनची नक्कल म्हणून मीही परीक्षा घेतली. दहा प्रसंग कागदावर लिहिले, प्रोग्रामला आणि अण्णांना वेगवेगळे विचारले. सात जुळले. न जुळलेले तिन्ही हंगामाच्या शेवटचे निघाले. अण्णा म्हणाले, "मार्चनंतरचा ऊस. तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडलेला. रस चिकट होतो, दाणा लांबट येतो. तिथं ही तार खोटं बोलते."
मी वैतागलो. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"
"मग तू विचारलंस कधी लेका?"

प्रोजेक्ट पास झाला. फ्लॉपी कधीच बुरशीला गेली. अण्णा २००९ साली गेले. तीस हंगामांतले माझ्याकडे मोजून दहा प्रसंग आहेत. बाकीचे विचारायला अधूनमधून वेळ होता. पण दर वेळी मी म्हटलं, पुढच्या सुट्टीत.

एक्सकॉनसारख्यांचा दबदबा ऐंशीच्या दशकाअखेर ओसरला. माणसं आणि भाग बदलत गेले, नियम तितक्या वेगाने दुरुस्त करत राहणं जड गेलं. तरी नियमांवर चालणारे प्रोग्राम संपले नाहीत. कर्जाच्या आणि विम्याच्या कामांत ते आजही मुकाट राबतात. आता जी यंत्रं गाजताहेत त्यांना कुणी नियम सांगत नाही, ती उदाहरणांवरून शिकतात. मला त्यात अण्णांच्या त्या रविवारची आठवण येते. नियम विचारू नका, प्रसंग विचारा. पण प्रसंग सांगणारं माणूस समोर बसलेलं असताना विचारायला हवा, हे काही बदललेलं नाही.

मुंबईच्या त्या गृहस्थांना मी आभाराचं पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. मात्र नंतर नोकरीत कुणी नवखा अडलेला गठ्ठा घेऊन आला, की मी त्याच तीन ओळी मागतो.

परवा पुतणीलाही तेच सांगितलं. तिने मोबाईल खाली ठेवला आणि विचारलं, "आजी, तुझे लाडू कधी बिघडले होते का गं?"

काकू हसली, खुर्ची ओढली आणि बसली. "अगं, माझ्या लग्नानंतरची पहिली दिवाळी..."

लाडू त्या दिवशी जरा उशिरा झाले.