धुराचा भाव

नवी मुंबईत ऐरोली स्थानकाला लागूनच माइंडस्पेस आयटी पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. एकीवरही धुराडं नाही. त्यांच्या विजेमागचा धूर निघतो तो दूर, चंद्रपूर-कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांतून.

अशा परक्या अंगणातल्या धुराला भाव लावावा, हा विचार शंभर वर्षं जुना. धंद्यामुळे इतरांचं जे नुकसान होतं ते कर लावून धंदेवाल्याच्याच खर्चात घालावं, असं केंब्रिजच्या आर्थर पिगूने 1920 मध्ये मांडलं. कार्बनवर असा कर पहिल्यांदा लावला फिनलंडने, 1990 साली. पुढच्याच वर्षी नॉर्वेने तो समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनावर बसवला, आणि खरी करामत तिथे झाली. स्लाइप्नर क्षेत्रातल्या वायूत कार्बन डायऑक्साइड बराच होता. तो वेगळा काढावाच लागे आणि हवेत सोडला की कर पडे. स्टॅटऑइल या तेल कंपनीच्या अभियंत्यांनी 1996 पासून तो समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात पुरायला सुरुवात केली, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. कर भरण्यापेक्षा पुरणं परवडलं.

आपल्याकडे भाव आला तो कोळशावरच्या उपकरातून: 2010 मध्ये टनाला 50 रुपये, 2016 पर्यंत 400. पण वीज कंपन्यांना हा बोजा दरात मिसळून ग्राहकाकडे सरकवता येई. मग यंत्र बदलायची घाई कुणाला? 2017 मध्ये जीएसटी आला आणि उपकराचा हा पैसा राज्यांच्या महसूल-भरपाईकडे वळला.

त्याआधीच, 2016 मध्ये, मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्राने वेगळी वाट धरली. कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे 10 डॉलर, तेही स्वतःच स्वतःवर. पैसा सरकारला जाणार नव्हता, घरच्याच ऊर्जाबचतीच्या कामांना लागणार होता. पैसे फिटायला वेळ लागतो म्हणून नाकारलं जाणारं यंत्र धुराचा खर्च धरला की लवकर फिटतं. भाव ज्याच्या हातात पाना आहे त्याच्या टेबलापर्यंत पोहोचला, तरच नवं काही घडतं.

2023 मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापार योजना आणली. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी धूर काढणारा कारखाना आपली बचत विकू शकेल. पण पहिल्या यादीत सिमेंट आहे, अॅल्युमिनियम आहे, पोलाद आहे. औष्णिक वीज नाही. सप्टेंबर 2025 मध्ये कोळशावरचा उपकरही गेला आणि जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. टनामागचा उपकर किमतीवरच्या करात विरला. ऐरोलीच्या दिव्यांमागचा धूर पुन्हा बिनभावाचा झाला.