दोन टेबलांमधलं तिसरं

गेल्या वेळी आपण वैशेषिकांच्या समवायापर्यंत आलो होतो. धागे आणि वस्त्र यांना जोडणारा समवाय हा त्यांच्या मते स्वतंत्र पदार्थ. शंकराचार्यांचा आक्षेप असा, की जोडणारं वेगळं मानलंत तर त्यालाही जोडायला आणखी एक संबंध लागेल, मग त्याला आणखी एक. अनवस्था! आज आम्ही हाच प्रश्न बँकेच्या संगणकात दाखवणार आहोत. हसू नका.

१९६०च्या दशकात आयबीएमची आयएमएस प्रणाली अपोलो मोहिमेतल्या सुट्या भागांच्या याद्यांसाठी घडली. रचना झाडासारखी, फांदीतून फांदी. चार्ल्स बाकमन यांनी झाडाऐवजी जाळं विणलं. पण त्यातही एका नोंदीपासून दुसरीकडे जाणारी वाट प्रोग्रामरलाच चालावी लागे. १९७३च्या ट्युरिंग व्याख्यानात त्यांनी त्याला नॅव्हिगेटरच म्हटलं.

१९७० साली आयबीएममधल्याच एडगर कॉड यांनी निबंध लिहिला. त्याचं मर्म आम्ही असं सांगू: दुवा लपवू नका, तोही टेबलात लिहा. म्हणजे बघा, खात्यांचं एक टेबल, खातेदारांचं दुसरं. एका खात्याला दोन खातेदार, एका खातेदाराची तीन खाती. तेव्हा मध्ये तिसरं टेबल, ज्यात फक्त खाते क्रमांक आणि खातेदार क्रमांक. चौथं टेबल लागत नाही, कारण क्रमांक जुळले की काम झालं. ‘जुळणं’ हाही संबंधच ना, असं कुणी विचारेल. बरोबर आहे, पण हिशेब अडत नाही.

अडतो तो अहवालात. एका पतसंस्थेच्या मंडळावर आम्ही काही वर्षं होतो. एकदा ठेवी अचानक फुगलेल्या दिसल्या. सगळे खूश! संयुक्त खात्यात लाख रुपये, खातेदार नवरा-बायको; टेबलं जोडल्यावर तो लाख दोन ओळींत आला आणि बेरीज झाली दोन लाख. सभेच्या आदल्या दिवशी एका कारकून बाईंनी हे पकडलं, आम्ही नव्हे.

राल्फ किम्बॉल यांच्या पद्धतीत अशा मधल्या टेबलाला ब्रिज टेबल म्हणतात आणि प्रत्येक ओळीला वजन देतात: अर्धं याचं, अर्धं तिचं. बेरीज पुन्हा लाखावर येते. पण ‘दोघांपैकी कोणीही’ अशा खात्यात तिचे पन्नास हजार नेमके कुठले? ते वजन आम्हीच घातलेलं असतं, खात्यात ते कुठेच नसतं.