एकट्या मुसाफिराची ईदी

गेल्या वर्षी रमजान संपायला दहा-बारा दिवस उरले होते. माझी भाची नोकरीसाठी पहिल्यांदाच एकटी बेंगळुरूला निघाली होती. ईदला तिला रजा मिळणार नव्हती, म्हणून सगळ्यांनी ईदी आधीच आणून दिली. मोठ्या आपाच्या घरी सतरंजीवर सामान मांडलं होतं: भरजरी जोडा, काचेच्या वाट्यांचा सेट, भिंतीवर लावायची आयतुल कुर्सीची जाड फ्रेम. सगळं प्रेमानेच आणलेलं. पोरगी मात्र बॅगेकडे बघत हळूच म्हणाली, "मामू, हे उचलणार कोण?"

त्या प्रश्नाने मला इब्न बतूता आठवला. इयत्ता सातवी-आठवीच्या मुलांना मी त्याच्याबद्दल सांगतो तेव्हा नकाशा, सुलतान, राजधान्या यांतच तास संपतो. पण या माणसाच्या सफरनाम्यात आणखी एक गोष्ट जागोजागी आहे. कोणी काय दिलं, हे तो विसरत नाही.

मोरोक्कोतल्या टँजिअरहून तो जून १३२५ मध्ये हजसाठी निघाला. वय अवघं एकवीस. आईवडील हयात होते, आणि त्यांना सोडून जाताना झालेलं दुःख त्याने लपवलेलं नाही. बरोबर ना दोस्त, ना काफिला. पुढे वाटेत सोबत मिळाली, पण बिजाया शहरात त्याला तापाने गाठलं. लोक म्हणाले, बरं वाटेपर्यंत थांब. तो म्हणाला, मौत यायचीच असेल तर हिजाजच्या वाटेवर येऊ दे. तेव्हा एका सोबत्याने त्याला सल्ला दिला की, तुझं जनावर आणि जड सामान विकून टाक, लागेल ते मी तुला वापरायला देतो. वाट लुटारूंची होती, झपाट्याने चालायचं होतं. आजारी, एकट्या पोराला त्या माणसाने नवी वस्तू दिली नाही. त्याचं ओझं कमी केलं.

पुढचा मुक्काम कॉन्स्टंटाइन शहराबाहेर होता. रात्री जोरदार पाऊस झाला आणि तंबू सोडून पळावं लागलं. सकाळी शहराचा हाकीम भेटायला आला. इब्न बतूताचे कपडे चिखलाने माखलेले होते. हाकीमाने ते आपल्या घरी धुवायला पाठवले. त्यातली एक चादर पार विरलेली होती. तिच्या जागी त्याने बालबेकच्या तलम कापडाची चादर पाठवली आणि तिच्या एका कोपऱ्यात सोन्याचे दोन दीनार गाठ मारून ठेवले. या प्रवासात मिळालेली ही पहिली मदत, असं इब्न बतूता नोंदवतो. हा सफरनामा त्याने फेजमध्ये लिहून घेतला आणि तो १३५५ मध्ये पुरा झाला. म्हणजे मधे तीस वर्षं गेली होती. तरी कापड कुठलं, दीनार किती, गाठ कुठे, सगळं लक्षात होतं.

त्या गाठीचं मला नवल वाटतं. पैसे हातावर ठेवले असते तर तरुण पोराला संकोच वाटला असता. गाठीत बांधले, म्हणून देणाऱ्याचा मान राहिला आणि घेणाऱ्याचाही. शिवाय वाटेत चोराची नजर पडू नये, ही काळजी वेगळीच.

नंतर काफिला ट्युनिसला पोहोचला. शहरातले लोक सामोरे आले, ओळखीच्यांना सलाम करू लागले, खुशाली विचारू लागले. इब्न बतूताला विचारणारं कोणी नव्हतं. त्याला रडू कोसळलं. ते पाहून एक हाजी जवळ आला, त्याने सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. त्याच ट्युनिसमध्ये इब्न बतूताने घराबाहेरची पहिली ईद केली. ईदगाहावर सुलतानाचा लवाजमा त्याने पाहिला, त्याचं वर्णनही केलं. पण त्या शहराचं नाव निघालं की मला सुलतान आठवत नाही, सलाम करणारा तो हाजी आठवतो.

आता दुसरी बाजू. १३३३ मध्ये सिंधू नदीपाशी आलेला हाच तरुण पुढे दिल्लीला मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारात काझी झाला. दरबाराचा रिवाज असा की, पाहुण्याने नजराणा द्यायचा आणि सुलतानाने त्याच्या कितीतरी पट परत करायचं. त्यासाठी व्यापारी नव्या पाहुण्यांना उधारीवर माल पुरवत. इब्न बतूताच्या डोक्यावर पंचावन्न हजार दीनारांचं कर्ज झालं आणि ते फेडून घेण्यासाठी त्याला सुलतानापुढे अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या.

१३४२ मध्ये सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं. सोबतच्या नजराण्यात शंभर घोडे होते, शंभर गुलाम होते, गाणाऱ्या-नाचणाऱ्या शंभर दासी होत्या. माणसंही वस्तूंच्या यादीत मोजली जात, हे वाचताना आज मान खाली जाते. हा लवाजमा आपल्या दौलताबादहून आणि नंदुरबारहून गेला. कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात नजराण्याचं जहाज फुटलं. इब्न बतूता जुम्याच्या नमाजसाठी किनाऱ्यावर थांबला होता, म्हणून वाचला. त्याचं स्वतःचं सामान होतं ते दुसरं जहाज निघून गेलं. हाती उरले दहा दीनार आणि निजायचं एक अंथरूण.

त्याच सफरीत, कालिकतच्या आधी, गोव्याजवळच्या एका बेटावर त्याला एक जोगी भेटला होता. जोगी त्याच्या हातातली तस्बीह न्याहाळू लागला, तेव्हा इब्न बतूताने ती त्याला देऊन टाकली. जोग्याने तिचं चुंबन घेतलं. निघताना त्यानेही इब्न बतूताच्या हातात काही दीनार ठेवले. एकमेकांची भाषा न येणाऱ्या दोघांची ही देवाणघेवाण. इथे कोणाच्या डोक्यावर कर्ज चढलं नाही.

मुसाफिराला द्यायची भेट कशी असावी, हे आपल्या बुजुर्गांना इतिहास न वाचताही माहीत होतं. उर्दूत तोशा म्हणतात, मराठीत शिदोरी. दोन्हींचा अर्थ वाटेवर पुरेल ते. मी बीएडसाठी घर सोडलं, तेव्हा अम्मीने कापडात नाणं गुंडाळून माझ्या दंडावर इमाम जामिन बांधला होता. सुखरूप पोहोचल्यावर ते नाणं गरिबाला द्यायचं. म्हणजे परक्या गावात पाऊल ठेवताच तुमच्या हातून कोणाला तरी काही दिलं जाणार. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत मुसाफिरही आहे. घरी तो सुखवस्तू असला तरी वाटेत अडकला तर त्याचा हक्क राहतो. एकटेपण हीसुद्धा एक गरज आहे, हे त्यात मान्य केलं आहे असं मला वाटतं.

शेवटी आपाने फ्रेम आणि वाट्या कपाटात ठेवल्या. भाचीच्या बॅगेत एक सुती ओढणी गेली आणि तिच्या कोपऱ्यात गाठ मारलेल्या दोन नोटा. भाजलेल्या शेवया, खारीक आणि चारोळी यांची पुडी दिली, चार जणींना पुरेल एवढी. ईदच्या सकाळी तिचा फोन आला. खोलीतल्या तिघींना तिने शीरखुर्मा करून घातला होता. तिघींपैकी एकीलाही तो कसा करतात हे माहीत नव्हतं. मग म्हणाली, "मामू, गेटवरच्या वॉचमनकाकांनी सगळ्यात आधी ईद मुबारक म्हटलं." एवढं बोलून ती जराशी थांबली. मीही थांबलो.

येत्या ईदला नमाज झाल्यावर गळाभेटी सुरू होतील, तेव्हा जरा मागच्या सफेत बघा. बांधकामावरचा, बेकरीतला, हॉस्टेलमधला कोणीतरी एकटाच चपला शोधत असेल. त्याला सलाम करा आणि त्याच्याशी बोलत बोलत गल्लीच्या टोकापर्यंत चाला. घर जवळ असेल तर आत बोलवा.