नाणेनिधीतील मताधिकार

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत प्रत्येक सदस्यदेशाला असलेला मतांचा वाटा. देशाचा ‘कोटा’, म्हणजे त्याने निधीत भरायची रक्कम, हा त्याचा मुख्य आधार. त्याखेरीज सर्वांना सारखी अशी थोडी मूलभूत मते असतात. जागतिक सत्तेची मांडणी बदलते आहे हे दाखवताना बहुधा उत्पादनाचे आणि व्यापाराचे आकडे दिले जातात. मताधिकार हा त्याहून अधिक खात्रीचा निकष होय. संपत्ती एका देशाकडून दुसऱ्याकडे गेली तरी नियम बदलण्याचा अधिकार तिच्यामागून जातोच असे नाही, आणि निधीचा इतिहास हेच दाखवतो.

ब्रेटन वुड्स : जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात भरलेल्या, निधीचा पाया घालणाऱ्या परिषदेला ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी होते. कोटे गणिती सूत्राने ठरले असे सांगण्यात आले. पण अमेरिकी अर्थखात्यातील रेमंड माइकसेल यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, अमेरिकेला सुमारे २९० कोटी डॉलर, ब्रिटनला त्याच्या निम्मे आणि नंतर सोव्हिएत संघ व चीन असा क्रम त्याच खात्यातील वरिष्ठ अधिकारी हॅरी डेक्स्टर व्हाइट यांनी आधीच सांगितला होता. त्याला जुळेल असे सूत्र माइकसेल यांनी बसवले. अखेरीस अमेरिकेला २७५ कोटी, ब्रिटनला १३० कोटी, चीनला ५५ कोटी आणि भारताला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला. परतंत्र भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व सर जेरेमी रेझमन यांच्याकडे होते. त्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, षण्मुखम् चेट्टी आणि मुंबईचे अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ होते. युद्धकाळात भारताचे ब्रिटनकडे साचत गेलेले, युद्धाअखेर सुमारे १३० कोटी पौंडांवर पोचलेले स्टर्लिंग येणे निधीमार्फत वळते करून मिळावे, ही त्यांची मुख्य मागणी. श्रॉफ यांनी ती जोरकसपणे मांडली. हा प्रश्न संबंधित देशांनी आपसात सोडवावा, अशी भूमिका ब्रिटिश शिष्टमंडळाचे प्रमुख केन्स यांनी घेतली आणि ती टिकली. धनको देशाला आपल्या येण्याबद्दल नियम करता आला नाही, ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. सोव्हिएत संघ निधीत आला नाही, त्यामुळे भारत पहिल्या पाच कोटाधारकांत गेला आणि कार्यकारी मंडळावर त्याला हक्काची जागा मिळाली. जपानसारख्या अर्थव्यवस्था वाढल्यावर ते स्थान गेले.

नकाराधिकार : आरंभी अमेरिकेकडे कोट्यांचा सुमारे ३१ टक्के वाटा होता आणि कोटे बदलण्यास चार-पंचमांश बहुमत पुरे. तिचा वाटा उतरत गेला तशी १९६९ व १९७८ च्या दुरुस्त्यांनी ही अट आणि इतर महत्त्वाच्या निर्णयांची अट ८५ टक्क्यांवर नेली. आज अमेरिकेकडे सुमारे १६.५ टक्के मते आहेत, म्हणजे अडवण्यापुरती आहेतच. ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या ‘ब्रिक्स’ गटातील पाच देशांची मिळून सुमारे १४ टक्के होतात. अडवायला लागणारी १५ टक्क्यांची रेषा त्यांना थोडक्यात हुकते. २०१० मध्ये ठरलेली सुधारणा अमेरिकी काँग्रेसच्या संमतीअभावी पाच वर्षे रखडली आणि जानेवारी २०१६ मध्ये अमलात आली. त्यानंतरही चीनचा कोटा ६.४ टक्के, तर ज्याची अर्थव्यवस्था आज चीनच्या पाव हिश्शाच्या आसपास आहे त्या जपानचा ६.५ टक्के आहे. भारताचा २.७५ टक्के आहे. ब्रिटन व फ्रान्स यांचा प्रत्येकी ४.२ टक्के.

यावर एक आक्षेप असा की, मंडळात मतदान क्वचित होते, निर्णय सहमतीने होतात. हे खरे आहे. परंतु प्रस्ताव फेटाळला जाणार हे आधीच ठाऊक असेल, तर तो मांडलाच जात नाही, आणि अशा न मांडलेल्या प्रस्तावांची नोंद कोठेच राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जो पैसा घालतो त्याचे मत मोठे असावे. तत्त्व मान्य केले, तर ज्यांची ऐपत वाढली त्यांना अधिक भरू दिले पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये कोटे ५० टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले ते मात्र सर्वांचे सारख्याच प्रमाणात. वाटे जागचे हलले नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये ६५० अब्ज डॉलर किमतीचे विशेष आहरण अधिकार (निधीने निर्माण केलेली राखीव मत्ता) वाटले गेले, तेही कोट्याच्या प्रमाणातच, त्यामुळे कोविड साथीने सर्वाधिक पिचलेल्या गरीब देशांच्या हाती त्यातला अल्पसा भाग आला. कोट्याच्या नव्या सूत्रात क्रयशक्तीनुसार मोजलेल्या उत्पादनाला किती वजन द्यावे याबद्दल सदस्यांत एकमत नाही.

व्यवस्थापकीय संचालक : आजवर सर्व युरोपीय.

पर्यायी व्यवस्था : ब्रिक्स देशांच्या नव विकास बँकेत (मुख्यालय शांघाय) पाचही संस्थापकांनी समान भांडवल घातले आणि समान मते घेतली. त्यांच्याच १०० अब्ज डॉलरच्या राखीव चलन व्यवस्थेत चीनचे ४१ अब्ज आहेत. तेथे एखाद्या देशाला आपल्या मर्यादेच्या ३० टक्क्यांपलीकडे उचल हवी असल्यास नाणेनिधीचा कार्यक्रम चालू असावा लागतो.